कडी

मंगळवारी जिनिंगला सुट्टी,
म्हणून मंगळवार मोहझरीचा.
काळीपिवळीत मागच्या सीटवर मी चौथी,
केसांत आठवडाभराचा कापूस.
डी.एड.चं सर्टिफिकेट घरी ट्रंकेत, नऊ वर्षं झाली,
त्याला आता डांबरगोळ्यांचा वास येतो.

शाळेनं दिलेली खोली तांदळाची.
खिचडीची पोती, फुटका पृथ्वीगोल,
आणि कुणीतरी पाठवलेली चाकाची खुर्ची,
जिचं एक चाक अजून यायचंय.
फिरते शिक्षक तीन महिन्यांतून एकदा येतात,
त्यांच्या वाटणीला सेहेचाळीस शाळा आणि एक जुनी मोटरसायकल.
सही करतात, पाणी पितात, म्हणतात,
ताई, तुम्ही आहात म्हणून बरं आहे.
मी कुठल्याच कागदावर नाही.

चार मुलं.
पौर्णिमाला ऐकू येत नाही, पण पोत्यावर थाप मारली
की पाठीनं ओळखते कोण आलं.
पेंदोरांचे जुळे, एक चालतो, दुसरा त्याच्या पाठीवर.
आणि गुणवंत. तेरा वर्षांचा, मिशी फुटतेय.
एकच शब्द बोलतो, "हाव".
नाही म्हणायचं असलं तरी "हाव".

जूनमध्ये मी अंकलिपी नेली होती,
ऑगस्टमध्ये परत आणली.
त्याचे डोळे सारखे दाराच्या कडीवर.
मग तेच. आधी वर उचलायची,
मग बाजूला सारायची.
त्याच्या बोटांवर माझी बोटं. वर.
सप्टेंबर गेला. वर.
बोंडं फुटली, मोठ्या पोरी वेचणीला गेल्या,
मी काट्यावर दिवसाला दीडशे गाड्या मोजल्या,
एका किलोनं चुकले नाही,
आणि मंगळवारी पुन्हा, नाही रे, आधी वर.

संक्रांतीच्या आदल्या मंगळवारी
कडी खटकन् सरकली.
तो दचकला. मीही.
पौर्णिमानं दोन्ही हातांनी पोतं बडवलं, तांदळाची धूळ उडाली.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, दार उघडतो.

बुधवारी त्यानं घरचं फाटक उघडलं.

काट्यावर फोन आला, पोरगं सकाळपासून नाही.
नाल्यात पाहिलं, तुरीत पाहिलं,
विहिरीत गळ टाकला.
त्याची माय ओरडली नाही.
"फाटकाची कडीच त त्याची राखण होती, ताई.
मी मजुरीले कोनाच्या भरोशावर जात होती?"

संध्याकाळी सापडला, चार कोसांवर,
एका पिठाच्या गिरणीत.
तिथल्या दाराची कडी,
वर, बाजूला, वर, बाजूला.
तळव्यात काटे, भुवयांवर ज्वारीचं पीठ.
घरी चाल म्हटलं तर "हाव",
आणि हात कडीवरून निघेना.

गुरुजींनी खोलीसाठी कुलूप आणलं,
इतक्या वर्षांत या खोलीवर झालेला पहिला खर्च.
मी तीन मंगळवार गेले नाही.
काट्यावर एकदा चाळीस किलो चुकले,
शेठनं फक्त चष्म्यावरून पाहिलं.

चौथ्या मंगळवारी माय स्वतःच आली,
रोज पाडून, जिनिंगच्या गेटवर उभी.
मी काही म्हणायच्या आधी म्हणाली,
"उघडाचं शिकवलं.
आता लावाचं कोन शिकवन?"

कुलूप आता खिळ्याला टांगलेलं असतं.
तो बाहेर, मी आत, पोत्यांत.
दार ओढ. कडी बाजूला. मग खाली.
मार्च संपत आलाय, पत्रा तापतो,
पौर्णिमा माझ्या पदरानं वारा घेते.

आज पहिल्यांदा नीट बसली कडी.
बाहेर एकदम सामसूम.
खालच्या फटीतून त्याचे पाय दिसतात,
एक बूट, एक चप्पल.

"गुणवंता, उघडतो का?"
"हाव," म्हणतो.

मी थांबते,
कोणता हाव आहे ते कळेपर्यंत.